पीएच.डी.चा पैसा कुठून येतो? वाचकांचे प्रश्न

अभियांत्रिकीतल्या संशोधनाच्या नोकऱ्या आणि पीएच.डी.साठी मिळणारं विद्यावेतन या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि त्यांत एक गोष्ट सारखी जाणवली. पदाचं नाव आणि रक्कम सगळ्यांनी नीट वाचलेली असते, पण पैसा कोणाचा आणि किती तारखेपर्यंतचा, हे फार थोड्यांनी विचारलेलं असतं. खालच्या उत्तरांत आम्ही पुन्हापुन्हा तिथेच येणार आहोत. दर दिले आहेत ते १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेले केंद्र सरकारचे सुधारित दर.

प्रश्न : यंदा माझं एम.टेक. पूर्ण होतंय, शाखा मेकॅनिकल. गेट (अभियांत्रिकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात केंद्र सरकारच्या निधीवरच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात जेआरएफची (कनिष्ठ संशोधन अधिछात्राची) जागा आहे, ३७,००० अधिक घरभाडे भत्ता. दुसरीकडे प्रोजेक्ट असोसिएट-१ अशी जागा आहे. पहिल्या ठिकाणचे सर म्हणाले, 'पीएच.डी.चंही बघू.' काय घ्यावं? (वाचक, कर्वेनगर)

आधी आकडे. पुणे हे घरभाड्याच्या हिशेबात एक्स दर्जाचं, म्हणजे सर्वांत वरच्या गटातलं शहर आहे. ३० टक्के दर धरला तर ३७,००० वर ११,१०० रुपये भत्ता, म्हणजे हातात ४८,१०० रुपये. प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात जुना २७ टक्के दर धरलेला असेल तर भत्ता ९,९९० होतो. वसतिगृहात खोली दिली तर भत्ता मिळत नाही. प्रोजेक्ट असोसिएट-१ ला गेट किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) असलेल्यांना तेवढेच ३७,००० मिळतात, इतरांना ३०,०००. तुमचं गेट वैध असेल तर दोन्ही जागांचं मूळ मानधन सारखंच आहे. दुसऱ्या ठिकाणी ३०,००० सांगत असतील तर तुमच्या गेटची नोंद त्यांनी घेतली आहे का, ते विचारा. 'एकत्रित मानधन २५,०००' अशा जाहिराती मात्र बहुधा संस्थेच्या स्वतःच्या निधीतल्या असतात. त्यांत भत्ता वेगळा नसतो.

खरा फरक पुढच्या वाटेत आहे. जेआरएफला दोन वर्षं झाली की तीन जणांची समिती, त्यात एक बाहेरचा तज्ज्ञ, तुमचं काम पाहते आणि पसंत पडलं तर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन अधिछात्र) करते, ४२,००० रुपयांवर. प्रोजेक्ट असोसिएटची वाट निराळी आहे. पुढची पायरी प्रोजेक्ट असोसिएट-२ ची. तिला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि मुळात तशी जागा प्रकल्पात मंजूर असावी लागते.

आता 'पीएच.डी.चंही बघू'बद्दल. हे वाक्य ऐकलं की लगेच चार गोष्टी विचारायच्या, आणि शक्य तर ई-मेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

पहिली : प्रकल्प कोणत्या तारखेला संपतो? जाहिरातीत 'तीन वर्षांचा प्रकल्प' लिहिलेलं असतं, पण घड्याळ मंजुरीच्या किंवा पहिला हप्ता आल्याच्या तारखेपासून चालू झालेलं असतं. पैसे येणं, जाहिरात निघणं, मुलाखती, रुजू होणं यांत सहा ते दहा महिने सहज जातात. समजा आठ महिने गेले, तर तुमच्या वाट्याला छत्तीसपैकी अठ्ठावीस महिने उरतात. त्यात पीएच.डी.ची नोंदणी रुजू झाल्याच्या दिवशी होत नाही, ती विद्यापीठाच्या प्रवेशफेरीवर अवलंबून. म्हणजे नोंदणी होईतो आणखी काही महिने गेलेले असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, धरून किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची आहे. प्रयोग असलेल्या विषयात चार-पाच वर्षं धरूनच चाला. प्रकल्प संपल्यानंतरच्या दोन वर्षांचा पैसा कुठून, हा प्रश्न रुजू होण्याआधी विचारायचा असतो.

दुसरी : प्रकल्पप्रमुख त्याच विद्यापीठाचे मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आहेत का? प्रकल्प मिळाला म्हणून मार्गदर्शकपद मिळत नाही. प्रकल्प एका विषयात आणि मार्गदर्शकपद दुसऱ्याच विद्याशाखेत, असंही होतं.

तिसरी : त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का? एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिला असेल तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. नामांकित, ज्येष्ठ प्राध्यापकांच्या बाबतीत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

चौथी : महाविद्यालय संलग्न असेल तर तिथे त्या विषयाचं संशोधन केंद्र मान्य आहे का? नसेल तर नोंदणी दुसऱ्या केंद्रात करावी लागते आणि रोजची हजेरी एकीकडे, प्रगती अहवाल दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू होते.

या चारही प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर जेआरएफ घ्या. दोन ठिकाणी गुळमुळीत उत्तर आलं तर ती वर्षा-दोन वर्षांची नोकरी म्हणून घ्यायला हरकत नाही, पण पीएच.डी.चा भरवसा तिच्यावर ठेवू नका. नेमणूकपत्रात 'प्रकल्पाच्या मुदतीपुरती' हे शब्द असतातच. त्यांना घाबरू नका, फक्त तारीख लिहून घ्या.

प्रश्न : शासकीय निधीच्या प्रकल्पात जेआरएफ आहे. मार्चनंतर मानधनच आलेलं नाही. सर म्हणतात निधी आला नाही, लेखा विभाग म्हणतो सरांना विचारा. (वाचक, पाषाण)

एप्रिल ते जून या काळात ही तक्रार बऱ्याच संस्थांमधून येते आणि त्यामागे ठराविक कारणं आहेत. केंद्राच्या प्रकल्पांचा पैसा आता संस्थेच्या बचत खात्यात वर्षभर पडून राहत नाही. तो ठरलेल्या खात्यातून खर्चाप्रमाणे काढला जातो आणि ३१ मार्चला शिल्लक राहिलेली मर्यादा संपते. नव्या आर्थिक वर्षाची मर्यादा मिळेपर्यंत सगळंच थांबतं. दुसरं कारण कागदांचं. पुढचा हप्ता मिळायला संस्थेनं मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि खर्चाचं विवरणपत्र पाठवलेलं असावं लागतं. त्यावर प्रकल्पप्रमुख, वित्त अधिकारी आणि संस्थाप्रमुख अशा तिघांच्या सह्या लागतात. तिघांपैकी एक जण रजेवर असला की कागद टेबलावरच राहतो.

म्हणून 'पैसे कधी येणार?' असं विचारून काही हाती लागत नाही. असं विचारा : उपयोगिता प्रमाणपत्र गेलं का, कोणत्या तारखेला गेलं, निधी देणाऱ्या संस्थेनं त्यावर काही शंका काढली आहे का? बहुतेक वेळा अडलेली जागा तिथेच सापडते. खर्चाच्या विवरणातले आकडे आणि वहीतले आकडे जुळत नाहीत किंवा उपकरणाच्या शीर्षात, म्हणजे खर्चाच्या त्या सदरात, मंजुरीपेक्षा जास्त खर्च पडलेला असतो. मनुष्यबळाच्या शीर्षातला पैसा उपकरणाकडे वळवायला निधी देणाऱ्याची परवानगी लागते. ती न घेता वळवला असेल तर हप्ता अडकतो आणि भुर्दंड तुम्हाला बसतो.

दुसरं पाऊल म्हणजे संशोधन अधिष्ठात्यांना अर्ज. संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मानधन आगाऊ द्यावं आणि प्रकल्पाचा हप्ता आल्यावर ते वळतं करून घ्यावं, अशी विनंती करा. अनेक संस्था हे करतात, पण कुणी लेखी मागितल्याशिवाय करत नाहीत. अर्जासोबत रुजू झाल्याचा अहवाल, नेमणूकपत्र आणि त्या महिन्यांची हजेरी जोडा. निधी देणाऱ्या संस्थेला थेट लिहिण्याची घाई करू नका. त्यांचा पत्रव्यवहार प्रकल्पप्रमुखांशीच चालतो आणि तुमचं पत्र परत फिरून त्यांच्याच टेबलावर येतं.

आणि एक वडीलकीचा सल्ला. प्रकल्पावरच्या नोकरीत तीन महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे बाजूला असलेच पाहिजेत. पहिल्या दोन-तीन मानधनांतून हे आधी करा.

प्रश्न : गेट दिलेलं नाही. आता दारं बंद झाली का? (वाचक, आकुर्डी)

नाही. जेआरएफसाठी गेट, नेट किंवा केंद्राच्या पातळीवरची तशी परीक्षा लागते, पण प्रोजेक्ट असोसिएट-१ ची ३०,००० ची जागा परीक्षेशिवाय मिळते. डीआरडीओच्या (केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या) प्रयोगशाळा, म्हणजे आपल्याकडे पाषाणची एआरडीई, सुतारवाडीची एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई, यांच्या जेआरएफच्या जाहिरातींत सहसा दोन पर्याय असतात : बी.ई. प्रथम श्रेणी आणि वैध गेट, किंवा एम.ई.-एम.टेक. असून दोन्ही पदव्यांना प्रथम श्रेणी. तिथे वयाची अट साधारण २८ वर्षांची असते, आरक्षित प्रवर्गांना सवलत. कॉम्प्युटरवाल्यांना यूजीसी नेटमध्ये त्यांचा विषय आहे, मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना नाही.

तरीही गेट द्याच. फेब्रुवारीत परीक्षा, अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, गुण तीन वर्षं चालतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. संशोधनासाठी पहिल्या शंभरात यायची गरज नाही. बहुतेक जाहिरातींना उत्तीर्ण झाल्याचा कागद पुरतो.

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं आहे. बी.ई. ६८ टक्के. नोकरी न सोडता पीएच.डी. आणि त्यासाठी विद्यावेतन, दोन्ही जमेल का? (वाचक, भोसरी)

दोन्ही एकदम नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमांत जागा आहे, पण शासनाची विद्यावेतनं पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतात. पगार घेऊन विद्यावेतनही घेतलं तर पुढे वसुली निघते.

त्याआधी पात्रता. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला किमान ७५ टक्के लागतात, काही प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. तुमचे ६८ आहेत, त्यामुळे आधी एम.टेक. करावं लागेल आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतील.

पुढे अर्धवेळ प्रवेश घेताना कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात कामाचं स्वरूप संशोधनाला वेळ देऊ शकतं आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. पण आमच्या मते याहून मोलाचं पत्र दुसरंच आहे, आणि ते नियमांत कुठे मागितलेलं नाही : कंपनीची कोणती माहिती प्रबंधात छापता येईल, याची लेखी परवानगी. चाकण-भोसरी पट्ट्यातले अभियंते बहुधा आपल्याच लाइनवरचा विषय घेतात, फोर्जिंग डायची झीज, वेल्डिंगमधली विकृती वगैरे. तीन वर्षं नोंदी जमवतात आणि प्रबंध लिहायच्या वेळी कायदा विभाग सांगतो की ग्राहकाच्या पार्टचं ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड, नाकारलेल्या मालाचं प्रमाण, काहीच बाहेर जाणार नाही. प्रबंध सार्वजनिक होतो, त्यामुळे कंपनीलाही दोष देता येत नाही. उपाय नोंदणीच्या वेळीच करायचा. आकडे एका आधारमूल्याच्या तुलनेत मांडायचे, पार्टऐवजी साधा नमुना तुकडा घेऊन चाचण्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करायच्या, आणि या दोन्ही गोष्टी परवानगीपत्रात लिहून घ्यायच्या.

प्रश्न : ओबीसी प्रवर्गातून आहे, पीएच.डी.ची नोंदणी झाली. महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करताना काय सांभाळावं? (वाचक, हडपसर)

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. बार्टी आणि सारथी पुण्यातच आहेत, महाज्योती नागपूरला. जागा मर्यादित असतात आणि जाहिरात वर्षात ठरल्या महिन्यात येईलच असं नाही. संकेतस्थळ दर आठवड्याला पाहणं हाच उपाय.

अर्ज बाद होतात ते बहुधा गुणवत्तेपेक्षा कागदांवरून. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जाहिरात नेमकी एप्रिल-मेमध्ये आली तर हातात जुनंच प्रमाणपत्र असतं. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकून ठेवा. दुसरी चूक नोंदणीच्या तारखेची. तात्पुरता प्रवेश, कोर्सवर्कची सुरुवात आणि नोंदणी कायम झाल्याचं पत्र यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. जाहिरातीत जी मागितली आहे, तीच तारीख अर्जात आणि तीच जोडलेल्या पत्रावर असली पाहिजे. विषयाचं शीर्षक नंतर बदललं असेल तर बदलाला मान्यता दिल्याचं पत्रही जोडा.

निवड झाल्यावर दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा पगार घेत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुम्ही एखाद्या प्रकल्पावर मानधन घेत असाल तर राजीनाम्याची तारीख आणि अधिछात्रवृत्ती सुरू होण्याची तारीख यांत एक दिवसही एकमेकांवर चढू देऊ नका. हजेरी आणि प्रगती अहवालावर मार्गदर्शकांची सही दर महिन्याला घेऊन ठेवा. सहा महिन्यांच्या सह्या एकदम मागायला गेलात आणि मार्गदर्शक परिषदेला गेलेले असले, की पैसे पुढच्या टप्प्यात जातात.

प्रश्न : लग्नानंतर नाशिकला जावं लागणार. पुण्यातली पीएच.डी. सोडावी का? (वाचक, सिंहगड रस्ता)

सोडू नका. लग्नामुळे किंवा अन्य कारणानं स्थलांतर करावं लागलेल्या महिला संशोधकांना आपली संशोधन सामग्री नव्या विद्यापीठात नेता येते, अशी तरतूद २०२२ च्या नियमांत आहे. मूळच्या मार्गदर्शकांना आणि संस्थेला त्यांच्या कामाचं श्रेय द्यावं लागतं. तुमचं काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकांना निधी देणाऱ्या संस्थेनं मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग असेल तर मात्र ही तरतूद लागू होत नाही, आणि प्रकल्पाचं मानधनही तुमच्याबरोबर येत नाही. महिलांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रयोग बहुतेक झालेले असतील तर स्थलांतरापेक्षा पुण्यातच नोंदणी ठेवून सहा महिन्यांनी होणाऱ्या सादरीकरणांना येणं सोपं पडेल.

प्रश्न : युरोपात पीएच.डी. करायची आहे. चाळीस प्राध्यापकांना मेल केले, दोघांचीच उत्तरं आली, तीही नकाराची. काय चुकतंय? (वाचक, वाकड)

तुम्ही मेलचा मजकूर सोबत पाठवलात ते बरं केलंत. त्याची सुरुवात आदरार्थी संबोधनानं होते, मग तुम्ही कष्टाळू आहात, लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, आणि प्राध्यापकांच्या थोर कार्यानं प्रभावित आहात. पाचव्या ओळीपर्यंत तुमचा विषयच कळत नाही. हाच मजकूर चाळिसांना गेला आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत समजतं.

मेलचा विषय म्हणून जाहिरातीचा संदर्भ क्रमांक लिहा. जाहिरात नसेल तर तुमच्या कामाचं नाव लिहा. पहिल्या दोन ओळींत पदवी, संस्था, वर्ष. मग तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते, आकड्यांसह. तुमच्या जोडलेल्या अहवालात गिअरबॉक्सच्या कंपनांवरून बेअरिंगमधला दोष ओळखण्याचं चांगलं काम आहे, मग तेच लिहा : किती वेगांवर आणि किती भारांवर चाचण्या घेतल्या, सॅम्पलिंग २५.६ किलोहर्ट्झ का ठेवलं, पद्धत कुठे फसली. फसलेली जागा जरूर लिहा, तिच्यावरूनच काम स्वतः केलंय हे कळतं. त्यानंतर त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातला एक मुद्दा आणि त्यावर तुम्हाला पुढे काय करून पाहायचंय ते, तीन ओळींत. सोबत दोन पानी परिचय आणि गुणपत्रकं एकाच पीडीएफमध्ये. दोन आठवड्यांनी एक स्मरणपत्र, मग थांबा. असे सहा मेल चाळिसांपेक्षा जास्त काम करतात.

दुसरी चूक शोधण्याच्या पद्धतीत आहे. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये अभियांत्रिकीची पीएच.डी. बहुधा नोकरी म्हणून जाहीर होते. जर्मनीत जाहिरातीत टीव्ही-एल ई-१३ ही वेतनश्रेणी आणि पुढे ५०, ७५ किंवा १०० टक्के असा आकडा असतो. तो आकडा आधी पाहा, कारण पगार त्यावरच ठरतो. अभियांत्रिकीत पूर्ण पदं बरीच असतात. नेदरलँड्समध्ये सहसा चार वर्षांचा करार असतो. या जागा युराक्सेस आणि अकॅडेमिक ट्रान्सफर या संकेतस्थळांवर येतात. युरोपीय संघाच्या निधीवरच्या मारी क्युरी जाळ्यातल्या जागांना एक अट आहे : त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. पुण्यातून थेट जाणाऱ्यांना ही अट आपोआप सोयीची पडते, तिथेच मास्टर्स केलेल्यांना तोच देश बंद होतो.

ब्रिटनच्या जाहिरातीत 'फक्त स्थानिक शुल्क' अशी ओळ दिसली तर परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्कातला फरक कोण भरणार, हे अर्जाआधी विचारा. तो फरक दरवर्षी लाखांत जातो. अमेरिकेचं चक्र निराळं आहे. अर्ज बहुधा डिसेंबरात बंद होतात, आणि अनेक विद्यापीठं विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावावर उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी घाईनं होकार द्यायला कुणी भाग पाडत असेल, तर त्या विद्यापीठाचं नाव १५ एप्रिलचा ठराव मान्य केलेल्यांच्या यादीत आहे का ते तपासा.

स्वतःच्या खर्चानं पीएच.डी.चं प्रवेशपत्र चटकन देणारी विद्यापीठंही आहेत. कर्ज काढून तिथे जाऊ नका. तुमच्या अहवालाच्या दर्जाचं काम हातात असताना त्याची गरज नाही. मेल दुरुस्त करा आणि सप्टेंबरपासून जाहिराती पाहायला लागा.